खालचा ठ

“ताई, भाजी तशीच ठेवलीय की,” मी म्हणालो.

टिपणीसताईंनी ताटलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “कुठली भाजी? मघाशीच संपवली.”

ताटलीत उजव्या अंगाला गवारीची भाजी जशी वाढली होती तशी होती. कोशिंबीर, भात, पोळी, सगळं चाटूनपुसून साफ. मला वाटलं चेष्टा चाललीय. म्हणून मीही केली. “गवार आवडत नसेल तर सरळ सांगा. वहिनींनी सकाळी उठून करून दिलीय, त्यांचं नाव कशाला खराब करता.”

त्या हसल्या, डबा आवरला आणि परत जाऊन पडद्यासमोर बसल्या. दुसऱ्या दिवशी मेथी उरली. बाईमाणसाच्या डब्यात रोज रोज काय डोकवायचं.

कोल्हापुरात शाहूपुरीत, एका फर्निचरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. होनप सर मालक, सुहासिनी टिपणीस अक्षरं काढणाऱ्या आणि मी, प्रफुल्ल मगदूम, प्रोग्रॅमर. आम्ही मराठी लिहायचं सॉफ्टवेअर करत होतो. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहिणं म्हणजे डोक्याला ताप होता. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे, आणि रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षराचं तर विचारूच नका. ‘विठ्ठल’ घ्या. ठ दाबायचा, त्याचा पाय मोडायचा, परत ठ दाबायचा. कळा तीन, पण पडद्यावर एकाखाली एक बसलेले दोन ठ एक होऊन यायला पाहिजेत. कळा ओळखून योग्य आकृती बोलवायची हे माझं काम. ती आकृती काढायची हे ताईंचं.

आणि काय काढायच्या. लग्न नाही, भावाच्या घरी मंगळवार पेठेत राहायच्या, पन्नाशी उलटलेली, पण एका वेलांटीच्या वळणासाठी आठवडा घालवायच्या. पुण्याच्या एका प्रकाशकाचं पहिलीचं वाचनपुस्तक आमच्या सॉफ्टवेअरवर, ताईंच्या अक्षरात होणार होतं. दिवाळीच्या आत फॉन्ट पक्का करून द्यायचा, नाहीतर प्रकाशक तयार फॉन्ट विकत घेणार आणि ताईंची चार वर्षं पाण्यात. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि होनप सर ते रोज एकदा बोलून दाखवायचे.

पावसाळ्याच्या शेवटी ताईंनी पहिली तक्रार केली.

“मगदूम, खालचा ठ पडतोय.”

“म्हणजे?”

“विठ्ठल लिहिलं की विठल दिसतंय. वरचा येतो, खालचा येत नाही.”

मी त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. पडद्यावर झकास ‘विठ्ठल’ होतं. “आलाय की, ताई.”

त्यांनी मान हलवली, डोळे बारीक केले. “हां. आत्ता आला. मघाशी नव्हता.”

प्रोग्रॅमरला असली तक्रार म्हणजे साडेसाती. कधी येते, कधी जाते, आणि दाखवायला बोलावलं की लपते. मी माझ्या मशिनवर शंभरदा टाईप करून बघितलं. एकदाही ठ पडला नाही. मी म्हणालो, माझ्याकडं चालतंय. हे वाक्य आमच्या धंद्यात सगळेच बोलतात, आणि ते बोललं की आपली जबाबदारी संपली असं वाटतं.

पण ताईंची नजर साधी नव्हती. सुतासारख्या रेघेत केसाएवढा फरक पडला तर त्या लांबून सांगायच्या, आणि त्या चुकल्याचं आम्ही कधी बघितलं नव्हतं. त्यामुळं त्या म्हणतायत म्हणजे असणारच, हे आम्ही धरूनच चाललो. मी त्यांचा मॉनिटर बदलला. दोन दिवस बरं वाटलं, मग परत ठ पडला. केबल बदलली, कार्ड बदललं, सगळं पुसून विंडोज नव्यानं घातलं. ताईंना माझ्या मशिनवर बसवलं, मी त्यांच्या मशिनवर बसलो. ठ त्यांच्या मागं मागं माझ्या मशिनवरही पडायला लागला. मी त्यांच्या मशिनवर दिवसभर काम केलं, मला काही दिसलं नाही.

“तुझा प्रोग्रॅम माझ्यावर रुसलाय,” त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण चेहरा ओढलेला होता.

शेवटी त्यांनी त्यांच्या परीनं उपाय काढला. फॉन्टमधलाच तो ठ्ठ उघडायच्या, थोडा दुरुस्त करायच्या, नवी फाईल मला द्यायच्या. “घाल. आता येतोय.” मी घालायचो. काही दिवस शांतता. मग परत, “मगदूम, पडला बघ.” परत दुरुस्ती, परत नवी फाईल. मी आकृती उघडून न्याहाळायचो नाही. जोडली गेलीय का तेवढंच बघायचं, आणि ती जोडलेली असायची.

मग ट्ट, ड्ड, द्ध, ह्म, खाली काही लोंबणारं जे जे होतं ते ते पडायला लागलं. ताई सकाळी माझ्या आधी यायच्या. डोकं दुखतंय म्हणून बाम लावून बसायच्या, टेबलाच्या कोपऱ्यावर उजवा गुडघा आपटायच्या, जिन्यातली शेवटची पायरी चुकायच्या. एकदा कपबशी टेबलावर ठेवायला गेल्या आणि सरळ हवेतच सोडली. मी फडकं घेऊन आलो तर म्हणाल्या, “टेबल कुणी सरकवलं?” मला हसू आलं होतं. खोटं कशाला सांगू.

होनप सर एकदा बाहेर गॅलरीत मला म्हणाले, “बाईंना काम झेपेनासं झालंय काय रे? वय झालं म्हणायचं का?”

“सर, वयाचा प्रश्न नाही. चूक माझ्या जुळवणीतच कुठंतरी आहे. सापडेल.”

“दिवाळीनंतर सापडून काय उपयोग? मला प्रकाशकाला तोंड द्यायचंय.”

खरं सांगतो, तेव्हा मला पोटातून वाटत होतं की चूक सापडली नाही तर ताई घरी जातील आणि ते माझ्यामुळं होईल. मी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ पुन्हा वाचत होतो. घरीही तेच. जेवताना बायको म्हणाली, ताटात बघा, कागदात काय बघताय.

दसऱ्याच्या आधी एक दिवस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ताई आधीच बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. माझ्याकडं बघत नव्हत्या.

“मगदूम,” सर म्हणाले, “फॉन्ट कुणाला दिलास?”

“कुठला फॉन्ट?”

“आपला. बाईंचा. अजून बाहेर पडला नाही तो.”

मला काही उमगेना. सर ताईंकडे वळले. “सांगा, बाई.”

ताई खाली बघूनच बोलल्या. “काल पेपरात बघितलं. मथळ्यात. खालचा ठ पडलेला, अगदी आपल्यासारखा. मग घरी लग्नाची पत्रिका आलीय, तिच्यातही तसंच. अशी चूक जगात दुसऱ्या कुणाच्या फॉन्टमध्ये असणार नाही, प्रफुल्ल. चुकीसकट गेलाय तो बाहेर.”

“आणि फाईल दोघांकडेच असते,” सर म्हणाले. “बाई स्वतःचा फॉन्ट विकायच्या नाहीत.”

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या एका ठसाठी मी महिनाभर जंग जंग पछाडलं आणि वर चोर मीच. “पेपर कुठाय?” मी विचारलं. “दाखवा ना. नुसतं तोंडानं सांगून माझ्यावर आळ घालताय.”

“पेपर घरी आहे,” ताई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता. “पण घरी कशाला जायला पाहिजे? इथं समोरच आहे. आज सकाळीच माझ्या लक्षात आलं. चल, दाखवते.”

त्या उठल्या. शेजारच्या खुर्चीवर उजवा गुडघा आपटला, नेहमीसारखा. गॅलरीत गेल्या. मागोमाग मी आणि माझ्यामागं सर. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्त्यावर रिक्षावाले जेवून पेंगत होते. ताईंनी रस्त्यापलीकडं हात केला.

“तो बोर्ड. वाच.”

पलीकडं सायकलचं दुकान होतं. पत्र्यावर ऑईल पेंटनं, लाल अक्षरांना काळी सावली देऊन लिहिलेलं, विठ्ठल सायकल मार्ट.

“दिसतंय ना?” ताई म्हणाल्या. “विठल. खालचा ठ गेला. पेंटरनं आपल्या फॉन्टवरनं छाप काढून घेतलाय.”

मी बोर्डाकडं बघितलं. मग सरांकडं. सरही बोर्डाकडंच बघत होते आणि त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. बोर्डावर दोन्ही ठ होते. वरचा आणि खालचा, चांगले ऐसपैस, हातभर. आणि तो बोर्ड मी पॉलिटेक्निकला असल्यापासूनचा. त्या दुकानातनं मी सायकल भाड्यानं घ्यायचो. तेव्हा आमची कंपनी नव्हती, आमचा फॉन्ट नव्हता, कोल्हापुरात कॉम्प्युटर कुठं दिसला तर लोक चपला काढून आत जायचे.

महिनाभर मी मशीन उसकटत होतो. त्या पत्र्याला कुठलं मशीन आलं.

“काय झालं?” ताईंनी विचारलं. “बोला की दोघं. गप्प का?”

“सर,” मी म्हणालो, “जरा तो मार्कर द्या.”

आत जाऊन मी कागदावर थाळीएवढा ठ्ठ काढला. वर एक, त्याच्याखाली उजवीकडं कललेला दुसरा. ताईंना खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला.

“वरच्या ठकडं बघा. फक्त वरच्या. नजर हलवायची नाही.”

“हा काय पोरखेळ लावलायस?”

“ऐका माझं, ताई. वरच्याकडं बघा. काय काय दिसतंय?”

“ठ.”

“आणि?”

“आणि काय? ठ काढलायस. जरा बसका काढलायस.”

मी खालच्या ठवर माझं बोट ठेवलं. हलवलं. “माझं बोट कुठाय?”

“कुठलं बोट?” त्या वरच्या ठकडंच बघत म्हणाल्या. “तुझे दोन्ही हात कागदाला आहेत ना?”

होनप सरांनी खुर्ची धरली. मी बोट तिथंच ठेवलं.

“आता खाली बघा,” मी म्हणालो.

त्यांनी नजर खाली केली. माझं बोट बघितलं. बोटाखालचा ठ बघितला. मग परत वर बघितलं, परत खाली. वर, खाली, वर. अक्षर तपासताना त्या असंच बघायच्या.

“आला की,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि गेला.” मग मान वर करून, “बोर्ड चांगला आहे का रे?”

“चांगला आहे, ताई.”

“आणि पेपर?”

“पेपरही चांगलाच असणार.”

त्यांनी हात लांब करून मार्कर माझ्या हातातनं घेतला, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवला. ठेवताना आधी चाचपून बघितलं टेबल कुठवर आहे ते. “मग तुला चोर म्हटलं मी,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय करू?”

सरांनी गाडी काढली.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि आम्हाला बसवून सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत. पण बघण्याची जागा डोळ्यात नसते, मेंदूच्या पाठीमागं असते, आणि तिथं डाव्या बाजूला गाठ आहे. त्यामुळं समोरचं जे काही उजवीकडं खालच्या अंगाला येतं ते दिसत नाही. ताईंचे भाऊ म्हणाले, पण तिला तिथं काळं दिसतं असं ती कधी म्हणाली नाही. डॉक्टर म्हणाले, काळं दिसतच नाही. मेंदू भोक दाखवत नाही, आजूबाजूच्या रंगानं ते भरून टाकतो. ताट असेल तर ताट, कागद असेल तर कागद. माणसाला काही हरवलंय हेच कळत नाही.

मला गवारीची भाजी आठवली. मी मान खाली घातली.

“कधीपासून आहे हे?” डॉक्टरांनी विचारलं. “ते कळलं तर गाठ किती वेगानं वाढतेय त्याचा अंदाज येईल.”

भावाला सांगता येईना. ताईंनाही येईना. त्या म्हणाल्या, पावसाळ्यात. मी एसटीनं कोल्हापूरला परत आलो आणि ऑफिस उघडलं.

चार वर्षांत ताईंनी दिलेली एकही जुनी फाईल मी पुसली नव्हती. एकेक उघडली. फक्त तो ठ्ठ काढून क्रमानं लावला आणि एकामागं एक बघत गेलो. पहिल्यात खालचा ठ जिथं पाहिजे तिथं, उजवीकडं खाली. पुढच्यात केसभर वर. मग थोडा डावीकडं. मग अजून वर. एक एक फाईल म्हणजे कुणाला कळणारही नाही असा फरक, पण सगळ्या भराभर फिरवल्या तर तो ठ सरकत होता. उजवीकडून काहीतरी येत होतं आणि तो त्याच्यापासून पळत वरच्या ठच्या पोटाखाली शिरत होता. पावसाळ्यात नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सुरुवात झाली होती, ताईंनी तक्रार करायच्या कितीतरी आधी. त्यांचा हात ते ओळखून होता. आम्हा कुणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

ऑफिसात भरदिवसा मी एकटा बसलो होतो आणि मला दार उघडं ठेवावंसं वाटलं.

डॉक्टरांना तारखा सांगितल्या. त्यांनी नुसती मान हलवली आणि ऑपरेशन पुढं ढकलायचं नाही असं ठरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी आणि होनप सर भेटायला गेलो. ताईंचे केस काढलेले होते, डोक्याला रुमाल होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फॉन्टचा.

“दिवाळी आली. दिलात का?”

“द्यायचाय,” सर म्हणाले. “मगदूमनं जुन्या फाईली काढल्यात. तुमचा पहिला ठ्ठ घालतो आणि देऊन टाकतो. तुमचीच अक्षरं जाणार, बाई. काळजी करू नका.”

ताई माझ्याकडं वळल्या. “पहिला का? शेवटच्याला काय झालंय?”

सरांनी मला डोळ्यानं खुणावलं. पण त्या बाईंशी अक्षराबाबत खोटं बोलायचं मला जमलं नाही. “खालचा ठ सरकलाय, ताई. वर आणि डावीकडं. तुम्हाला दिसेल तिथं तुम्ही आणून ठेवलाय त्याला.”

शेजारच्या खाटेवरची म्हातारी संत्रं सोलत होती, ताई तिच्या हाताकडं बघत राहिल्या.

“वाईट दिसतो?”

“वाईट नाही. वेगळा दिसतो.”

“वाचता येतो ना? पोरांना अडेल?”

“नाही अडणार.”

“मग शेवटचाच राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी तो पुष्कळ मेहनतीनं काढलाय. उद्या काय होईल मला माहीत नाही, मला भीती वाटतेय प्रफुल्ल. सगळ्या फॉन्टमध्ये मला पुरता दिसणारा तेवढाच एक ठ्ठ आहे. तो तरी असू दे.”

होनप सर हिशेबी माणूस. मुलांच्या पुस्तकात असलं चालणार नाही असं ते म्हणतील असं मला वाटलं. ते उठून खिडकीपाशी गेले. परत येऊन म्हणाले, “शेवटचा घाल.”

घातला. पुण्याला प्रकाशकाच्या समितीपुढं फॉन्ट ठेवला. जाडजूड चष्म्यांचे चार जण होते, त्यांनी पान न् पान तपासलं, दोन वेलांट्या आणि एका उकाराबद्दल हुज्जत घातली. ठ्ठबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुस्तक छापलं गेलं.

ऑपरेशननंतर ताई शुद्धीवर आल्या, आम्हाला आवाजावरून ओळखलं, बोलल्याही. पण दिसायचं आणखी कमी झालं. पुस्तक घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ते हातात धरलं, पानं फिरवली, कागदाचा वास घेतला. “ठ्ठ कुठल्या पानावर आहे?” मी पान काढून दिलं. त्यांनी पान डोळ्याच्या अगदी जवळ नेलं, वर-खाली केलं. मग पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं. दिसला का, असं मी विचारलं नाही. त्यानंतरचा दसरा त्यांनी बघितला नाही.

माझी पद्मजा यंदा पहिलीत गेली. शाळेनं दिलेलं पुस्तक तेच आहे, चित्रं नवी आणि अक्षरं तीच. परवा संध्याकाळी ती पाटावर बसून शुद्धलेखन लिहीत होती. मी पाठीमागनं डोकावलो. ‘चिठ्ठी’, ओळीनं. आणि प्रत्येक चिठ्ठीत खालचा ठ वर सरकून डावीकडं, वरच्याच्या पोटाखाली अंग चोरून बसलेला. वर्गातल्या बाईंनी लाल शाईनं बरोबरची खूण केली होती. वर्गातली सगळी पोरं तसाच काढत असणार. दुसऱ्या गावच्या शाळांतलीही.

मी तिच्या वहीतल्या वरच्या ठवर नजर रोखली आणि ती न हलवता खालचा दिसतो का ते बघितलं. ही खोड मला तेव्हापासून लागलीय. पाटी, बोर्ड, पेपर, काहीही समोर आलं की मी हे करतो, आणि जेवायला बसलो की उजवीकडची भाजी आधी खातो. दिसला. दोन्ही ठ नीट दिसले.

“पप्पा, काय एवढं बघताय?” पद्मजानं विचारलं. “चुकलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे. तसाच काढ.”